कपाटात न सापडणारी पुस्तकं: लेस्बियन साहित्य शोधायचं कसं आणि त्यावर लिहायचं कसं

जेनेट हॉवर्ड फॉस्टर ही अमेरिकन ग्रंथपाल. प्राचीन ग्रीक कवयित्री साफोपासून विसाव्या शतकापर्यंतच्या साहित्यात स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री कुठे कुठे आली आहे, याचा तिने वर्षानुवर्षं माग काढला आणि १९५६ साली पदरचे पैसे घालून त्याचं पुस्तक छापलं. त्याच वर्षी 'द लॅडर' हे अमेरिकेतल्या समलिंगी स्त्रियांचं मासिक सुरू झालं. त्यात बार्बरा ग्रिअर 'जीन डेमन' या टोपणनावाने पुस्तकांवर सदर लिहायची. बारीकसारीक टिपा, चार ओळीत एक पुस्तक. वाचणाऱ्यांना समीक्षा नको होती, पत्ता हवा होता. कोणत्या पुस्तकात आपण आहोत, एवढंच कुणीतरी सांगावं.

मराठीत आज हेच काम व्हायला हवं आहे. दुकानात या पुस्तकांचा कप्पा नसतो, ग्रंथालयाच्या सूचीत विषय नसतो आणि पाठराखणीवर 'एका अनोख्या मैत्रीची कहाणी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणून शोधणं आणि परीक्षण लिहिणं ही दोन वेगळी कामं मी मानत नाही. तुम्ही लिहिलेलं परीक्षण ही पुढच्या वाचणारीची शोधसूची असते. खालच्या सगळ्या सूचना याच हिशेबाने दिल्या आहेत.

आधी वही आखा

ग्रिअरने १९६७ साली अशा पुस्तकांची सूची काढली. तिच्या खुणा आजही उपयोगी आहेत. समलिंगी स्त्री हे मुख्य पात्र असेल तर 'ए', दुय्यम असेल तर 'बी', सगळं दबलेलं, सूचक असेल तर 'सी'. दर्जासाठी चांदण्या. आणि निव्वळ गल्लाभरू पुस्तकांना 'टी', म्हणजे कचरा. कचऱ्याचीही नोंद ती ठेवायची, हे मला फार आवडतं.

आपण अ, ब, क करावं. शेजारी आणखी चार रकाने ठेवा: मूळ भाषा आणि वर्ष, गोष्ट कोण सांगतंय, शेवट काय होतो आणि पुस्तक आज कुठे मिळतं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' (१९८१) हे नाटक 'अ'मध्ये जाईल, पण 'कोण सांगतंय' या रकान्यात बापू हा मित्र लिहावा लागेल, नायिका सुमित्रा नाही. गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी 'तिरोहित' मी 'ब' आणि 'क' यांच्या मध्ये ठेवते. चच्चो आणि ललना यांच्यातलं नातं काय होतं, हे लेखिका मुद्दाम मोकळं सोडते. अशा जागी खात्रीचं 'अ' लिहायचा मोह होतो. तो आवरा. तुमच्या 'अ'वर भरवसा ठेवून कुणीतरी तीनशे रुपये खर्च करणार असते.

शोध: एका पुस्तकातून दुसरं

सुरुवात कादंबरीपासून करू नका, संकलनापासून करा. अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेलं 'फेसिंग द मिरर' हे भारतातल्या लेस्बियन लेखनाचं इंग्रजी संकलन १९९९ साली पेंग्विनने काढलं. त्यात कथा, कविता आणि अनुभव एकत्र आहेत, त्यामुळे आपल्याला काय भावतं ते लवकर कळतं. दुसरं, रूथ वनिता आणि सलीम किदवाई यांचं 'सेम-सेक्स लव्ह इन इंडिया' (२०००). संस्कृत, फारसी, उर्दूपासून आधुनिक भारतीय भाषांपर्यंतचे उतारे त्यात अनुवादासह आहेत. ही दोन्ही पुस्तकं सलग वाचायची गरज नाही. अनुक्रमणिका, लेखक-परिचय, ऋणनिर्देश आणि तळटीपा यांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या दोन वर्षांचं वाचन त्यात आहे.

मग एक नाव उचला आणि धागा ओढा. माझ्या मते मराठी वाचकासाठी सर्वांत चांगलं नाव सुनीती नामजोशी यांचं. जन्म १९४१, मुंबई. आजोळ फलटणचं राजघराणं. काही काळ आयएएसमध्ये नोकरी, मग कॅनडात पीएचडी आणि टोरांटो विद्यापीठात अध्यापन. आई सरोजिनी नामजोशी यांच्याबरोबर त्यांनी गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या होत्या. १९८१ साली 'फेमिनिस्ट फेबल्स' आलं. पंचतंत्र, इसाप, अँडरसन यांची मोडतोड करून लिहिलेल्या अर्ध्या-एक पानाच्या गोष्टी, तिरकस आणि थंड डोक्याच्या. याच लेखिकेच्या नावावरून पुढे गेलात की १९८६ चं 'फ्लेश अँड पेपर' सापडतं. जिलियन हॅन्सकॉम्ब आणि नामजोशी या दोघींनी एकमेकींना उद्देशून लिहिलेल्या कविता. त्यापुढे २००० सालचं 'गोजा', ऑस्ट्रेलियातल्या स्पिनिफेक्स या स्त्रीवादी प्रकाशनाचं. आता स्पिनिफेक्सची यादी उघडा, आणखी वीस नावं मिळतील. एका लेखिकेवरून सहलेखिका, तिच्यावरून प्रकाशक, प्रकाशकावरून यादी, असं जायचं.

प्रकाशकांमध्ये भारतात योडा प्रेस, झुबान आणि मुंबईचं क्वीअर इंक ही नावं लक्षात ठेवा. क्वीअर इंकने २०१२ साली मीनल हजरतवाला यांनी संपादित केलेला 'आउट!' हा कथासंग्रह काढला. पुरस्कारांपैकी समलिंगी साहित्यासाठीचा अमेरिकेतला लॅम्डा १९८९ पासून दिला जातो आणि त्यात लेस्बियन कादंबरी, कविता, आत्मकथन असे वेगळे विभाग असतात. दिल्लीतल्या मंडलविरोधी आंदोलनाच्या काळात घडणाऱ्या आभा दवेसर यांच्या 'बेबीजी'ला तो मिळाला आहे. फक्त एवढं ध्यानात असू द्या की या याद्या मुख्यतः अमेरिकेच्या बाजाराकडे पाहून होतात. बडोद्याच्या किंवा कोल्हापूरच्या कष्टकरी बाईची गोष्ट तिथे क्वचितच पोचते.

हिंदीचा फायदा मराठी माणूस विसरतो. लिपी तीच आहे! इस्मत चुगताई यांच्या कथा देवनागरीत सहज मिळतात, त्यामुळे त्यांची 'लिहाफ' (म्हणजे रजई) ही कथा वाचायला कुणाच्या मराठी अनुवादाची वाट बघायला नको.

आणि मराठीत? सरळ सांगायचं तर कपाट बारीक आहे. नाटकात तेंडुलकर. समलैंगिकतेवर मराठीत सातत्याने लिहिणाऱ्यांत पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे. त्यांचं लेखन प्रामुख्याने पुरुषांभोवती असलं तरी या विषयावर मराठीत कसं बोलावं हे त्यातून शिकता येतं. विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी'चे जुने अंक चाळा, दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका बघा. ग्रंथालयात 'समलिंगी' हा विषय शोधत बसू नका, हाती काही लागायचं नाही. लेखकाचं नाव आणि शीर्षक यांची यादी घेऊनच जा. पाठराखणीवरच्या खुणा ओळखायची सवयही लागते: 'चाकोरीबाहेरचं नातं', 'जिवाभावाची सखी', 'समाजमान्य चौकटी', 'लग्नानंतर भेटलेली ती'. दहापैकी आठ वेळा काही नसतं. उरलेल्या दोनांसाठी पाठराखण वाचायची.

घरात वाचताना

प्रत्येकीच्या घरात असं पुस्तक टेबलावर ठेवता येत नाही. ई-बुकचं खातं भावाच्या किंवा बाबांच्या फोनवरही चालू असेल तर खरेदी त्यांना दिसते, शिफारशीही दिसू लागतात. वेगळं खातं उघडा. घरच्यांच्या कार्डाने पैसे भरले तर संदेश त्यांच्या फोनवर जातो. पार्सल मैत्रिणीच्या किंवा ऑफिसच्या पत्त्यावर मागवता येतं. काही ई-पुस्तक ॲपमध्ये नमुना प्रकरण मोफत मिळतं, ते आधी वाचा. कव्हर घातलेलं पुस्तक कुणी उघडून बघत नाही, ही जुनी युक्ती अजून चालते.

कथा-कादंबरी: तीन प्रश्न

पहिला, डोळे कुणाचे? 'लिहाफ' १९४२ मध्ये 'अदब-ए-लतीफ' या उर्दू मासिकात आली. ती सांगते एक लहान मुलगी. बेगमजान आणि त्यांची मालिश करणारी रब्बू यांच्यात काय चाललंय हे तिला कळत नाही, तिला फक्त भिंतीवर रजईची हत्तीसारखी हलणारी सावली दिसते. म्हणून कथेत एकही उघडा शब्द नाही. अश्लीलतेचा खटला लाहोरला चालला तेव्हा याचीच पंचाईत झाली. चुगताईंनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे की साक्षीदाराला नेमका अश्लील शब्द दाखवता येईना; शेवटी 'आशिक जमा करणं' यावर त्याने बोट ठेवलं. त्या सुटल्या. पण मुलीच्या डोळ्यांमुळेच बेगमजान थोडी भेसूरही दिसते. कथेचं बळ आणि कथेची मर्यादा एकाच ठिकाणी आहे, आणि परीक्षणात दोन्ही आलं पाहिजे. 'मित्राची गोष्ट'मध्ये हे काम बापू करतो. मित्रा, म्हणजे सुमित्रा, हिचं नमा या मुलीवरचं प्रेम आपल्याला बापूच्या सहानुभूतीतून आणि कधीकधी त्याच्या गोंधळातून दिसतं. लेखक पुरुष आहे म्हणून पुस्तक बाद करू नका, पण कॅमेरा कुठे ठेवलाय ते लिहा.

दुसरा प्रश्न, प्रेमाचं कारण काय दिलंय? 'लिहाफ'मध्ये नवरा, नवाबसाहेब, बेगमजानकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणून रब्बू. १९९६ च्या 'फायर' चित्रपटातही दोन्ही नवरे बायकांना दुरावलेले. भारतीय लेखनात ही चाल इतक्यांदा येते की शंका यावी: नवरा बरा असता तर हे घडलंच नसतं, असं लेखकाला सुचवायचंय का? नामजोशींच्या गोष्टींत असल्या कारणांची गरजच पडत नाही. त्या मोकळ्या वाटतात त्या यामुळे. राजकमल चौधरी यांची 'मछली मरी हुई' (१९६६) हिंदीत धाडसी म्हणून नावाजली गेली. तिथे समलिंगी स्त्री ही बऱ्याच अंशी दुरुस्त करायची केस आहे. ऐतिहासिक मोल मान्य करून हे सांगता येतं.

तिसरा, शेवटी जगतं कोण? १९५२ साली मॅरिजेन मीकर यांनी 'स्प्रिंग फायर' लिहिलं तेव्हा संपादकाची अट होती की शेवट सुखाचा नको, नाहीतर टपाल खातं पुस्तकं अडवेल. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने आली आणि तिच्यात दोघींपुढे एकत्र राहण्याची वाट मोकळी राहिली. स्वतःच्या नावाने ती छापायला लेखिकेला १९९० उजाडावं लागलं. तेव्हा शोकांत शेवट दिसला की आधी वर्ष बघा. तो लेखिकेचा निर्णय आहे की छपाईची किंमत, हे त्यावरून कळतं. आजच्या कादंबरीला मात्र ही सबब लागू होत नाही.

कविता

साफोची पूर्ण अशी एकच कविता हाती आली आहे, बाकी बहुतेक तुकडे. अ‍ॅन कार्सन यांच्या २००२ च्या अनुवादात जिथे पपायरस फाटला आहे तिथे चौकोनी कंस छापले आहेत. ते कंस वाचायला शिका. जे नाही तेही या परंपरेचा भाग आहे. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या, भावजय सूझन गिल्बर्टशी संबंधित कागदांवरही नंतर कुणीतरी खाडाखोड केली होती.

उर्दूतली रेख्ती जरा सावधपणे वाचायची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या रंगीन, इन्शा वगैरे पुरुष शायरांनी बायकांच्या बोलीत लिहिलेली ही कविता. त्यात दोन बायकांची प्रेमप्रकरणं, रुसवेफुगवे, 'दोगाना' अशी एकमेकींना हाक, सगळं खुलेपणाने येतं. हा पुरुषांनी केलेला विनोद की लखनौच्या जीवनाचा दस्तऐवज, यावर मतभेद आहेत. रूथ वनिता दुसऱ्या बाजूला झुकतात आणि त्यांचं पुस्तक वाचल्यावर मीही.

एड्रिएन रिच यांच्या 'ट्वेंटी-वन लव्ह पोएम्स'सारखी मालिका असेल तर क्रमाने वाचा. एकवीस क्रमांकांच्या मध्ये एक बिनक्रमांकाची कविता आहे आणि सर्वांत शारीर तीच आहे. सुटी कविता कुठेतरी वाचणाऱ्याला हे कळत नाही. कवितासंग्रहावर लिहिताना एकाच कवितेवर पुरेसा वेळ द्या. वीस कवितांवर एकेक विशेषण उधळलं तर कुणाच्याच हाती काही लागत नाही.

आत्मकथन

इथे फार लवकर 'खरं की खोटं' सुरू होतं. ऑड्रे लॉर्ड यांनी 'झामी'ला (१९८२) 'बायोमिथोग्राफी', म्हणजे चरित्र आणि मिथक यांचं मिश्रण, म्हटलं, नामजोशींनी 'गोजा'ला आत्मचरित्रात्मक मिथक. दोघींनी मुद्दाम पुराणकथेचं दार वापरलं. 'गोजा'त एकीकडे वाढवणारी नोकरबाई आणि दुसरीकडे राजघराण्यातली आजी आहे, म्हणजे प्रेमाबरोबर वर्गाचा हिशेब आहे. तो न मांडता या पुस्तकावर लिहिलं तर अर्धंच वाचलं म्हणायचं.

एक जोडी जरूर वाचा. जेनेट विंटरसन यांची १९८५ ची कादंबरी 'ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट' आणि २०११ चं आत्मकथन 'व्हाय बी हॅपी व्हेन यू कुड बी नॉर्मल?'. कादंबरीत एल्सी नावाची म्हातारी मुलीला आधार देते. आत्मकथनात लेखिका सांगते, एल्सी नव्हतीच. मी तिला लिहिलं कारण तिच्याशिवाय सगळं सोसवेना. कादंबरी आणि आयुष्य यांची सरमिसळ का करू नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माया शर्मा यांचं 'लव्हिंग विमेन' (२००६) उत्तर भारतातल्या कष्टकरी स्त्रियांबद्दल आहे. इंग्रजी शिकलेल्या, महानगरी बायकांच्या पुस्तकांनंतर ते वाचलं की आपल्या यादीत कोण नाही ते टोचतं. आणि कार्मेन मारिया मचाडो यांचं 'इन द ड्रीम हाउस' (२०१९) दोन स्त्रियांच्या नात्यातल्या हिंसेवर आहे. 'आपली बदनामी होईल' म्हणून असं पुस्तक यादीतून गाळू नका.

परीक्षण लिहिताना

पहिल्या परिच्छेदातच पुस्तक, लेखिका, मूळ भाषा, अनुवादक, प्रकाशक, वर्ष द्या आणि ही दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट आहे हे स्वच्छ लिहा. 'लेस्बियन', 'समलिंगी' हे शब्द मजकुरात असू द्या, नाहीतर शोधणारीला तुमचं परीक्षण सापडणारच नाही. 'विकृती', 'अनैसर्गिक' हे शब्द तर नकोतच, पण 'त्यांची व्यथा', 'बिचाऱ्या' हाही सूर नको. ज्या पुस्तकात दोघी मजेत भाजी निवडत भांडतात त्यालाही मराठी परीक्षक 'वेदनेचा हुंकार' म्हणून मोकळा होतो.

नमुन्यादाखल:

'लिहाफ ही इस्मत चुगताई यांची १९४२ ची उर्दू कथा, बेगमजान आणि तिची मोलकरीण रब्बू या दोन स्त्रियांमधल्या शरीरसंबंधाची. सांगणारी लहान मुलगी असल्याने आपण सगळं अर्धवट पाहतो, आणि कथा हे अर्धवटपण शेवटपर्यंत सांभाळते. मात्र मालकीण आणि मोलकरीण यांच्यातलं अंतर तिला फारसं सतावत नाही. रब्बूला काय हवं होतं, हे आपल्याला कधीच कळत नाही. धीट, विनोदी आणि वाचताना अस्वस्थ करणारी. मुलीला नकोशा वाटणाऱ्या स्पर्शाचा प्रसंग आहे, हे आधी माहीत असावं.'

एवढ्यात माहिती, मत, तक्रार आणि सूचना सगळं बसतं. पूर्ण परीक्षण सहाशे-आठशे शब्दांत पुरतं.

शेवट सांगावा की नाही? रहस्य फोडू नये हा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. नायिका मरते का, हे वाचणारीला आधी हवं असतं, आणि त्याला कारण आहे. परीक्षणाच्या तळाशी 'शेवटाबद्दल' असा वेगळा उपपरिच्छेद करा. ज्याला नको तो थांबेल. 'मित्राची गोष्ट'बद्दल लिहिताना आत्महत्येचा उल्लेख तिथे हवाच.

तारखा जवळ ठेवा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २ जुलै २००९, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला ११ डिसेंबर २०१३, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं ६ सप्टेंबर २०१८, आणि समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली १७ ऑक्टोबर २०२३ रोजी. 'फेसिंग द मिरर' आलं ते डिसेंबर १९९८ मध्ये मुंबई-दिल्लीत 'फायर'च्या खेळांवर हल्ले झाल्यानंतरच्या वर्षी. त्यातल्या अनेकींनी टोपणनावं का घेतली, ते या तारखांवरून समजतं.

टोपणनावामागे कोण आहे याचा अंदाज छापू नका, ओळखीत कळलं असलं तरी. लेखिकेने स्वतः जाहीर सांगितलेलं नसेल तर तिच्या कादंबरीवरून तिचं आयुष्य ठरवू नका. मुखपृष्ठाचं कौतुक करताना तिचा खासगी फोटो जोडायचीही गरज नाही.

आणि वाईट पुस्तकाला वाईट म्हणा. 'निदान या विषयावर लिहिलं तरी' म्हणून चांदण्या वाटल्या की पुढच्या वेळी तुमच्या चांदण्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. भाषा सपाट आहे, जात-पैसा गायब आहे, प्रणयप्रसंग पुरुष वाचकासाठी लिहिलेत, हे सगळं पान क्रमांकासह दाखवता येतं.

परीक्षण झालं की वहीतल्या 'कुठे मिळतं' या रकान्यात किंमत आणि आवृत्तीचं वर्ष टाका, दर वर्षी तपासा, कारण ही पुस्तकं फार लवकर छपाईबाहेर जातात. तुमच्या ग्रंथालयात वाचकांच्या मागणीची वही असते. तिच्यात लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक, लिहून या. कारण लिहायची सक्ती सहसा नसते. असली तर 'वाचनासाठी' पुरे.